लुर्दची कसोटी लावून पाहा

फ्रान्समधील लुर्द येथे १८५८ साली पवित्र मरियेने बर्नादेत नावाच्या एका गरीब मुलीला दर्शन दिले. तेव्हापासून तेथील गुहेकडे आजाऱ्यांची रीघ लागलेली आहे. आपण तेथे बरे झालो, असे आजवर सात हजारांहून अधिक माणसांनी कळविले आहे. त्यांपैकी किती घटनांना ख्रिस्तसभेने चमत्कार म्हणून मान्यता दिली? सत्तरच्या थोड्या वर, इतकेच. बाकीच्यांना कोणी खोटे ठरविले नाही, कोणी हाकलूनही दिले नाही. त्यांना एवढेच सांगण्यात आले, की अजून पुरावा पुरेसा नाही.

लुर्दला १८८३ पासून वैद्यकीय तपासणीचे कार्यालय आहे. तेथे कोणत्याही धर्माच्या, अगदी नास्तिक डॉक्टरलाही कागदपत्रे तपासता येतात. प्रश्न ठरलेले आहेत. आजार खरोखर होता काय? त्याचे निदान पक्के होते काय? तो दुसऱ्या उपचाराने बरा झाला नसेल कशावरून? बरे होणे पूर्ण होते काय? आणि सर्वांत अवघड प्रश्न, ते टिकले काय? या शेवटच्या प्रश्नासाठी वर्षानुवर्षे थांबले जाते.

वाचकहो, आपल्या आईच्या दारी घडलेल्या गोष्टीसुद्धा जी ख्रिस्तसभा इतक्या कठोरपणे तपासते, तिच्या लेकरांनी एका नव्या औषधाच्या बातमीवर डोळे मिटून विश्वास टाकावा काय? किंवा डोळे मिटूनच तिचा धिक्कार करावा काय? या लेखापुरता आमचा प्रश्न हा आहे.

बातमी अशी. काही जातींच्या अळंब्यांत सायलोसायबिन नावाचे द्रव्य असते. ते पोटात गेले की सुमारे सहा तास माणसाला भास होतात, काळाचे व स्वतःचे भान बदलते. अशा द्रव्यांना सायकेडेलिक म्हणतात. हे द्रव्य एकदाच दिले आणि अन्न टाकलेल्या तरुणी जेवू लागल्या, अशा थाटात ती बातमी फोनवरून फिरते आहे. ज्या घरात अशी लेक आहे, तेथील आई विचारते, “हे औषध मिळते कुठे?” आणि ज्या घरात नाही, तेथील काका म्हणतात, “नशेचे द्रव्य ते. सैतानाचे काम!” आम्हांला ही दोन्ही माणसे आपलीच वाटतात, परंतु एकाची घाई आणि दुसऱ्याचा तिरस्कार, दोन्हींत विचाराचे कष्ट टाळलेले आहेत.

प्रथम काकांना उत्तर देऊ. बेनसिराच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात, भूमीतून औषधी देणारा देवच आहे व सुज्ञाने ती तुच्छ मानू नयेत, अशा आशयाची शिकवण आहे. अफूपासून काढलेले मॉर्फिन कर्करोगाच्या रुग्णाच्या वेदना शमविते, म्हणून कोणी धर्मगुरू रुग्णालयातून ते फेकून देत नाही. एखादे द्रव्य बाजारात नशेसाठी विकले जाते, एवढ्यावरून डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याचा अभ्यास करणे पाप ठरत नाही. आणि ज्या आजारासाठी हा अभ्यास चालला आहे, तो काकांना वाटतो तसा लाडाचा किंवा फॅशनचा आजार नव्हे.

अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे त्याचे नाव. लंडनचे डॉक्टर विल्यम गल आणि पॅरिसचे डॉक्टर लासेग यांनी १८७३ च्या सुमारास त्याचे वर्णन केले. नावाचा अर्थ ‘भूक नसणे’ असा होतो. पण तो फसवा आहे. भूक असते. तिच्याहून मोठी भीती असते. हाडांचा सापळा झालेली मुलगी आरशात पाहते आणि तिला आपण स्थूल दिसतो. प्रत्येक घास हा पराभव वाटतो. मुलग्यांनाही हा आजार होतो, फक्त त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. २०११ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात या रुग्णांचे मृत्यूचे प्रमाण समवयस्कांच्या पाचपटीहून अधिक आढळले, आणि मृत्यू पावलेल्या दर पाचांपैकी एकाने स्वतःच जीवन संपविले होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने खास या आजारासाठी म्हणून मान्य केलेले औषध एकही नाही.

किशोरवयीनांसाठी निदान एक वाट सापडली आहे. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातील डॉक्टरांनी १९८७ साली दाखवून दिले, की एकोणीस वर्षांच्या आत आजार जडलेल्या आणि तीन वर्षांहून कमी काळ आजारी असलेल्या मुलांना, आईवडिलांना बरोबर घेऊन केलेल्या उपचाराचा अधिक गुण येतो. या पद्धतीत मुलीला काय आणि किती वाढायचे हे आईवडील ठरवितात व ती जेवेपर्यंत शेजारी बसून राहतात. परंतु आजार जुना झाला, मुलगी अठरा-वीस वर्षांची होऊन वसतिगृहात किंवा परगावी गेली, म्हणजे ही वाट अरुंद होत जाते. प्रौढांसाठी इतकी भरवशाची पद्धत अजून हाती आलेली नाही. संशोधक नव्या द्रव्याकडे वळले ते या अडलेल्या ठिकाणी. त्यांना दोष देण्याचे कारण आम्हांला दिसत नाही.

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. ज्या अभ्यासाची एवढी वार्ता झाली, तो अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सान दिएगो येथील केंद्रात झाला व २०२३ साली ‘नेचर मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याला लुर्दची कसोटी लावून पाहा.

किती रुग्ण होते? दहा. सर्व प्रौढ स्त्रिया; काही पूर्ण आजारी, तर काही अर्धवट बऱ्या झालेल्या. काय दिले? पंचवीस मिलिग्रॅम सायलोसायबिन, एकदाच, आणि त्याच्या आधी व नंतर प्रशिक्षित उपचारकांबरोबरच्या बैठका. तुलनेसाठी दुसरा गट होता काय? नव्हता. आपल्याला काय दिले जात आहे हे प्रत्येकीला ठाऊक होते. तीन महिन्यांनी किती जणींचा आजाराचा विचार लक्षणीय कमी झाला? चौघींचा. सरासरीने वजन वाढले काय? नाही. आणि हा अभ्यास कोणाच्या पाठबळाने झाला? हेच द्रव्य औषध म्हणून बाजारात आणू पाहणाऱ्या कंपास पाथवेज या कंपनीच्या.

संशोधकांनी यातील काहीही लपविलेले नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. हा छोटा, प्राथमिक अभ्यास आहे व द्रव्य सुरक्षितपणे देता येते काय हे पाहणे हा त्याचा पहिला हेतू होता, असे त्यांनीच लिहिले आहे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये व अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातही याच आजारावर अशाच छोट्या चाचण्या हाती घेण्यात आल्या. दहापैकी चार ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे; ज्या घरात वर्षानुवर्षे ताट परत गेले आहे, तेथे चार हा आकडा पहाटेसारखा वाटतो. परंतु लुर्दच्या टेबलावर ही फाइल ठेवली असती तर डॉक्टर काय म्हणाले असते? “पुन्हा या. पुढच्या वर्षी या, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही या. सोबत अधिक रुग्ण आणा, आणि ज्यांना हे द्रव्य दिले नाही अशांचीही नोंद आणा.” आमचेही म्हणणे तेवढेच आहे. आमचा राग संशोधनावर नाही. दहाचे हजार आणि तीन महिन्यांचे आयुष्यभर करून सांगणाऱ्यांवर आहे.

या द्रव्याच्या पुरस्कर्त्यांचा आणखी एक दावा आहे, आणि त्यावर ख्रिस्ती माणसाने बोललेच पाहिजे. ते म्हणतात, हे द्रव्य ईश्वरी अनुभव देते आणि त्या अनुभवानेच माणूस बरा होतो. याची सुरुवात योगायोगाने एका शुभ शुक्रवारी झाली. २० एप्रिल १९६२ रोजी बोस्टन विद्यापीठाच्या मार्श चॅपलमध्ये वॉल्टर पान्के या संशोधकाने ईशज्ञानाच्या वीस विद्यार्थ्यांना उपासनेपूर्वी गोळ्या दिल्या. दहा जणांना सायलोसायबिन, दहा जणांना केवळ अंग लाल व गरम करणारे एक जीवनसत्त्व. कोणाला काय मिळाले ते थोड्याच वेळात सर्वांना कळून चुकले. सायलोसायबिन घेतलेल्या बहुतेकांनी आपल्याला गूढ ईश्वरी अनुभव आल्याचे सांगितले. तो प्रयोग जगभर गाजला.

पुढे १९९१ साली रिक डोब्लिन यांनी त्या विद्यार्थ्यांना पुन्हा शोधून काढले. डोब्लिन स्वतः या द्रव्यांचे खंदे पुरस्कर्ते. तरीही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले, की त्या दिवशी एका विद्यार्थ्याची अवस्था इतकी बिकट झाली होती की त्याला शांत करण्यासाठी इंजेक्शन द्यावे लागले, आणि ही गोष्ट मूळ प्रबंधात आलीच नव्हती. सुमारे तीस वर्षे जगाने अर्धे सत्य वाचले. शुभ शुक्रवारच्या कथेतून क्रूस तेवढा वगळावा आणि उरलेली सांगावी, तसे हे झाले.

आम्हांला येथे भांडण करायचे आहे ते एका शब्दाशी. परमेश्वर औषधातूनही माणसाला सावरू शकतो, यात शंका नाही. पण कोणत्या भासाला ‘ईश्वरी’ म्हणायचे हे प्रश्नावलीतील गुणांवरून ठरत नाही. आपल्या संतांनी दर्शनांविषयी नेहमी संशयच बाळगला. त्यांची पारख दर्शनाच्या तेजावरून होत नसे. त्या माणसाच्या पुढच्या आयुष्यात नम्रता, प्रेम आणि सत्य वाढले काय, यावरून होत असे. सान दिएगोतील बहुतेक स्त्रियांना तो अनुभव आयुष्यातील अत्यंत अर्थपूर्ण अनुभवांपैकी एक वाटला. वाटला असेल, आम्ही तो नाकारीत नाही. तरी जिचे वजन वाढले नाही तिच्या हृदयाला अर्थपूर्ण अनुभवाने रक्त पुरत नाही. उपासमारीने या रुग्णांचे हृदय दुबळे होते, शरीरातील पोटॅशियम घटते, आणि सायलोसायबिनने नाडी व रक्तदाब चढतात. म्हणूनच खऱ्या चाचणीत आधी रक्त आणि हृदयाचा आलेख तपासतात, आणि ज्यांच्या घराण्यात गंभीर मनोविकार आहेत अशांना सहसा घेतच नाहीत.

याच चळवळीतील एक ताजा धडा आहे. डोब्लिन यांच्या संस्थेतून पुढे आलेल्या लायकोस या कंपनीने एमडीएमए नावाचे द्रव्य, ज्याला बाजारात एक्स्टसी म्हणतात, भीषण आघातांतून उद्‌भवणाऱ्या मनोविकारासाठी मान्य व्हावे म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे अर्ज केला. ४ जून २०२४ रोजी सल्लागार समितीच्या अकरा सदस्यांपैकी नऊ जणांनी परिणामकारकता सिद्ध झाली नाही असे, आणि दहा जणांनी धोक्यांपेक्षा लाभ मोठा असल्याचे दिसत नाही असे मत दिले. ऑगस्टमध्ये अर्ज फेटाळला गेला. आपल्याला द्रव्य मिळाले की नाही हे बहुतेक रुग्णांना कळत होते, हे एक कारण. दुसरी गोष्ट अधिक दुःखद आहे. पूर्वीच्या एका चाचणीत द्रव्याच्या अमलाखाली असलेल्या रुग्ण स्त्रीशी उपचारकाने केलेले गैरवर्तन उघडकीस आले होते. त्याच महिन्यात एका संशोधन-नियतकालिकाने त्या विषयावरील तीन निबंध मागे घेतले.

ज्याच्या मनाची सारी दारे उघडी आहेत, अशा माणसाजवळ कोण बसतो, या प्रश्नाचे महत्त्व आम्हां कॅथलिकांना कोणी शिकवायला नको. दुबळ्यांनी टाकलेल्या विश्वासाचा घात आपल्याच माणसांकडून झालेला ख्रिस्तसभेने पाहिला आहे, आणि तो दीर्घकाळ झाकला जाण्याची किंमतही मोजली आहे. म्हणूनच आम्ही म्हणतो, की उपचाराच्या खोलीत एकाहून अधिक माणसे हवीत, नोंद हवी, तक्रारीला दार हवे. ज्यांना हे जाचक वाटते त्यांनी त्या खोलीत जाऊच नये.

आणि आईच्या त्या प्रश्नाचे उत्तर? आपल्या देशात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने सायलोसायबिन प्रतिबंधित आहे. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून विशेष परवाना असलेल्या मानसोपचारतज्ज्ञांना ते वापरू दिले. तेही औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी, आहारविकारांसाठी नव्हे. कोडाईकनालच्या टेकड्यांत अशा अळंब्या चोरून विकल्या जातात हे पर्यटकांना ठाऊक आहे. ताई, तेथून कोणी पुडी आणून दिली तर ती लेकीच्या हाती देऊ नका. सान दिएगोच्या खोलीत जे होते त्यातले द्रव्य तेवढे त्या पुडीत असेल, आणि तेही किती ते कोणी सांगणार नाही. डॉक्टर नसेल, हृदयाचा आलेख नसेल, दुसऱ्या दिवशी बोलायला बसणारे कोणी नसेल.

इथपर्यंत आम्ही दुसऱ्यांना प्रश्न विचारले. आता तीच कसोटी स्वतःला लावणे भाग आहे.

आमच्या परिचयाच्या एका घरी एका उपवासकाळात थोरली मुलगी एकवेळच जेवू लागली. राखेच्या बुधवारपासून शुभ शुक्रवारपर्यंत तिने मासळी-मटणच नव्हे, तर भातही सोडला. आम्ही तिचे कौतुक केले. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात आम्ही आमच्या मुलांना तिचे उदाहरण दिले. ईस्टर आला, घरोघर पाने वाढली गेली. ती जेवली नाही. तरीही आमच्या लक्षात आले नाही. मे महिन्यात ती चक्कर येऊन पडली, तेव्हा डॉक्टरांनी जे नाव सांगितले ते आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. आज ती बरी आहे, पण तिच्या आईने आम्हांला विचारलेला प्रश्न अजून टोचतो: “तुम्ही सगळे रोज बघत होता ना?”

आम्ही बघत होतो आणि वाखाणीत होतो. ख्रिस्तसभेचा नियम मात्र आमच्याहून शहाणा आहे. उपवासाचे बंधन अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सुरू होते, साठावे वर्ष लागताच संपते, आणि आजाऱ्याला ते लागूच नाही. सिएनाच्या संत कॅथरिनला अन्न जाईनासे झाले तेव्हा तिच्या वडीलधाऱ्यांनी तिचे गुणगान करण्याऐवजी तिला खाण्याची आज्ञा केली, आणि तिने स्वतःही एका पत्रात कळविले, की इतरांसारखे आपल्यालाही जेवता यावे म्हणून आपण देवाची प्रार्थना करतो व बळेच खाण्याचा यत्न करतो. १३८० साली, तेहतिसाव्या वर्षी ती गेली. तिची उपासमार हे तिच्या पावित्र्याचे कारण होते असे समजणे म्हणजे तिच्या त्या प्रार्थनेकडे पाठ फिरविणे होय.

आणखी एक जुना प्रयोग सांगून थांबतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉक्टर अ‍ॅन्सेल कीज यांनी छत्तीस धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. सद्‌सद्विवेकबुद्धीला स्मरून शस्त्र हाती घेण्यास नकार दिलेले हे तरुण उपाशी जगाच्या कामी यावे म्हणून स्वखुशीने पुढे आले होते. महिन्यांतच ते खिन्न झाले, एकलकोंडे झाले, दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. पाककृतींची पुस्तके वाचीत बसू लागले. मनाचे असे हाल केवळ उपाशी राहण्याने होतात, आणि ते सावरायला अन्न लागते, वेळ लागतो. उद्या सायलोसायबिन सर्व कसोट्यांना उतरले, तर आम्ही आनंदाने देवाचे आभार मानू. परंतु त्या दिवशीही सहा तासांच्या अनुभवानंतर ती मुलगी घरीच येणार आहे. तिला दिवसातून पाच-सहा वेळा कोणीतरी वाढावे लागणार आहे, न ओरडता शेजारी बसावे लागणार आहे, आणि तिच्या अंगाविषयी शेरे मारणाऱ्या पाहुण्याला दारातच थांबवावे लागणार आहे. हे काम कोणत्याही कंपनीच्या कुपीत भरून मिळत नाही.

तेव्हा प्रत्येक धर्मग्रामात उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी धर्मगुरूंनी उपवास कोणी करू नये हेही सांगावे. धर्मशिक्षणाच्या वर्गातील शिक्षकांना या आजाराची खूण कळावी. संशय आला तर महिला मंडळातील चर्चेआधी डॉक्टरांकडे जावे. सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते. आणि लग्नाच्या मांडवात मुलींच्या अंगावरून होणारी थट्टा आपल्यापासूनच बंद व्हावी.

मार्कच्या शुभवर्तमानात याईरच्या बारा वर्षांच्या मुलीची कथा आहे. सारे घर रडत होते; येशूने तिचा हात धरून तिला उठविले. याहून मोठा चमत्कार कोणता? तरीही ती उठून चालू लागताच त्याने घरच्यांना सांगितले, की तिला काहीतरी खायला द्या. तिला उठविले त्याने. भरविण्याचे काम मात्र त्याने आईवडिलांवरच सोपविले.